वडगावचा तह पाळला गेला असता तर?

प्रश्न : घाटवाट

गेल्या आठवड्यात जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाताना वडगाव मावळला थोडा वेळ थांबलो आणि तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. राघोबादादांना पुण्याच्या कारभारावर बसवण्यासाठी मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून वर आली. मराठ्यांनी तिला तळेगावापर्यंत येऊ दिले, पण तोवर दाणावैरण मिळू दिली नाही, तळेगाव स्वतःच जाळून टाकले, मागची वाट तोडली आणि माघार घेणाऱ्या त्या फौजेला जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कोंडून तह लिहायला लावला. त्याआधी ४ जानेवारीला कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्ट्युअर्टला आपल्याच लोकांनी कौतुकाने ‘इष्टूर फाकडा’ म्हटले. शत्रूला असे नाव देणारी माणसे घाबरलेली नसावीत.

तहाप्रमाणे कंपनीने साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करायचा होता, राघोबादादांचा पक्ष सोडायचा होता आणि बंगालकडून निघालेली फौज माघारी पाठवायची होती. दोन इंग्रज अधिकारी ओलीस म्हणून महादजी शिंद्यांच्या ताब्यात राहिले. मुंबईच्या वरिष्ठांनी आणि कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने हा तह मानला नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. माझा प्रश्न असा, की तो मानला गेला असता, कंपनी मुंबई-सुरतेच्या वखारींपुरती व्यापारी राहिली असती आणि तिचे राज्य या देशात कधी रुजलेच नसते, तर १८५० च्या सुमारास पुणे, नागपूर, इंदूर, बडोदे येथे कोणते चित्र दिसले असते?

‘सगळे शोध आपणच आधी लावले असते’ आणि ‘इंग्रज आले नसते तर आपण अजून बैलगाडीतच असतो’ ही दोन्ही उत्तरे मी अनेकदा ऐकली आहेत. त्यापलीकडचे काही वाचायला मिळावे, अशी अपेक्षा आहे.

उत्तर : खतावणी

प्रश्न चांगला आहे, परंतु आपण इतिहासाचे जे दार उघडायला निघाला आहात ते चुकीचे आहे असे मला वाटते. वडगावला मुंबई इलाखा हरला, कंपनी हरली नाही. मुंबई इलाखा हा त्या काळी कंपनीचा सर्वांत ओढग्रस्त भाग होता आणि स्वतःचा खर्च भागवण्यासाठी तो बंगालच्या पैशाकडे डोळे लावून बसलेला असे. १२ ऑगस्ट १७६५ रोजी बंगाल-बिहार-ओरिसाची दिवाणी मिळाल्यापासून कंपनीच्या हाती एका समृद्ध प्रांताचा जमीनमहसूल आला, आणि ज्या मालासाठी पूर्वी विलायतेहून चांदी आणावी लागे तो माल आता त्या प्रांताच्याच महसुलातून विकत घेता येऊ लागला. वडगावची शाई वाळते न वाळते तोच जनरल गॉडर्डची फौज बुंदेलखंड, भोपाळ, बऱ्हाणपूर असा देश आडवा कापत फेब्रुवारीअखेर सुरतेला पोहोचली, ती या महसुलाच्या जोरावर. वाटेत नागपूरकर भोसल्यांनी तिला अडवले नाही. पुढे नाना फडणीसांनी हैदर, निजाम आणि भोसले यांची मोट बांधली तेव्हा हेस्टिंग्जने भोसल्यांना पैसा देऊन आणि निजामाला गुंतूर परत देऊन ती मोट सोडवली. हे मुत्सद्देगिरीचे यश म्हणून सांगितले जाते, पण मुत्सद्द्याच्या मागे खजिना असला की मुत्सद्देगिरीला धार येते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपण जो प्रयोग मनात करू पाहता तो इतिहासाने प्रत्यक्ष करून दाखवलेला आहे. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला आणि तेव्हापासून १८०३ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, इंग्रज आणि मराठे यांच्यात युद्ध झाले नाही. उलट १७९० ते १७९२ या काळात दोघे मिळून टिपूवर चालून गेले. साष्टी इंग्रजांकडे राहिली, एवढा फरक वगळल्यास आपल्या कल्पनेतील शांततेचा काळ हाच. या वीस वर्षांत काय घडले? महादजींनी द ब्वान्य या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती कंपू उभारले आणि दिल्ली ताब्यात ठेवली, १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. परंतु १७९४ मध्ये महादजी गेले, १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, १८०० मध्ये नाना गेले, आणि प्रत्येक मृत्यूबरोबर राज्याचा एकेक मजला खाली आला. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याच्या वेशीवर, हडपसरला, शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावांनी वसईला तैनाती फौज पदरात घेतली. कंपनीला या काळात आपल्याविरुद्ध काही करावे लागले नाही. ती फक्त टिकून राहिली.

‘टिकून राहिली’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल मेला किंवा परत गेला तर त्याच खुर्चीत दुसरा येई आणि आधीच्याने काढलेले कर्ज कंपनीच्या नावावर तसेच चालू राही. पुण्यात कर्ज पेशव्याच्या अंगावर असे. थोरल्या माधवरावांना मरणाच्या दारात असतानाही राज्यावरच्या कर्जाची काळजी लागून राहिली होती, ही गोष्ट आपण त्यांच्या सचोटीचे उदाहरण म्हणून सांगतो. मला मात्र त्यात व्यवस्थेतील उणीवही दिसते. सावकार हिशेबी असतो. मालक बदलला की बुडण्याची भीती असलेल्या दरबारापेक्षा मालक बदलला तरी व्याज देणाऱ्या कोठीला तो कमी दराने पैसे देणार. सुरतेच्या अर्जुनजी नाथजी त्रवाडींसारख्या पेढ्यांच्या हुंड्यांवर कंपनीच्या फौजा चालल्या, शिपायाला महिन्याचा पगार महिन्याला मिळाला, आणि इकडे तटलेल्या पगारासाठी शिंद्यांच्या आणि पेशव्यांच्या दारात शिपाई धरणे धरून बसत. १८०३ मध्ये असईला शिंद्यांचा तोफखाना शेवटपर्यंत झुंजला, याची साक्ष शत्रूनेच दिली आहे. तेव्हा तोफांची उणीव नव्हती.

म्हणून माझ्या मते ‘वसाहत रुजली नाही’ असे चित्र रंगवायचे असल्यास रणांगणावरचा निकाल बदलून भागत नाही. पुण्याला १७६१ नंतर केव्हातरी व्यक्तीवर न विसंबणारी तिजोरी उभी राहिली, असे गृहीत धरावे लागते. तसे झाले असते तरी जकात आपल्या हाती राहिली असतीच, असे मात्र नाही. सयाम (आजचा थायलंड) कधीच वसाहत झाला नाही, पण १८५५ मध्ये इंग्रजांशी झालेल्या तहाने त्याच्या आयात मालावरचा कर तीन टक्क्यांवर बांधला गेला. जपानलाही स्वतःचे जकातीचे दर स्वतः ठरवण्याचा पूर्ण अधिकार १९११ पर्यंत परत मिळाला नव्हता. मँचेस्टरचे कापड पुण्याच्या बाजारात आलेच असते. पैठणच्या आणि येवल्याच्या मागावर त्याचा घाव थोडा उशिरा आणि थोडा हलका बसला असता, इतकेच मी छातीठोकपणे म्हणेन. आगगाडीविषयी तर वाद घालण्याची गरज नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली ती पाच टक्के परताव्याची हमी घेतलेल्या विलायती भांडवलावर, आणि ती हमी इथल्या करदात्याच्या डोक्यावर होती. जपानने १८७२ मध्ये कर्ज काढून, इंग्रज अभियंते पगारावर ठेवून स्वतःची गाडी सुरू केली. इंजिन विकत मिळते. त्यासाठी राज्य द्यावे लागत नाही.

उत्तर : भीमाकाठ

खतावणी यांचे विवेचन पटण्यासारखे आहे, परंतु या धाग्यात ‘आपण’ हा शब्द ज्या सहजतेने वापरला जात आहे त्यापाशी मला थांबावेसे वाटते. पुण्याची तिजोरी टिकली असती, पेशवाई सावरली असती, हे सर्व मान्य केले तरी त्या पुण्यात वेठीला धरला जाणारा महार, विकली जाणारी कुणबीण (दासी) आणि अक्षरओळखीपासून दूर ठेवलेली शूद्र व स्त्री यांचे १८५० साल कसे असते, हा प्रश्न मूळ प्रश्नाच्या आतच आहे, बाहेर नाही. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, ती शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर आणि पेशवाई बुडून जेमतेम तीस वर्षे झाली असताना. पेशवाई चालू असती तर ती शाळा किती दिवस चालू दिली गेली असती, याचे उत्तर प्रत्येकाने प्रामाणिकपणे द्यावे.

याचा अर्थ कंपनी उद्धारासाठी आली होती, असा नाही. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला कंपनीच्या बाजूने लढलेल्यांत महार शिपाई होते, तेथील स्तंभावर ‘नाक’ने संपणारी त्यांची नावे आजही वाचता येतात, आणि १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर तेथे गेले. परंतु त्याच ब्रिटिश सरकारने १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची लष्करभरती बंद केली, आणि गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला. गरज असेपर्यंत दार उघडे आणि गरज सरल्यावर बंद, हा व्यवहार होता. त्या व्यवहारातून काहींच्या हाती लेखणी आली, हे खरे. ती देण्याचा सरकारचा हेतू होता असे मी म्हणणार नाही.

प्रश्नकर्त्यांच्या कल्पनेला धरून बोलायचे तर मला एक वेगळी शक्यता दिसते. जपानमध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींवरील कायदेशीर बंधने १८७१ मध्ये उठवली गेली आणि १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आली. ही दोन वर्षे इतकी जवळ आहेत हा केवळ योगायोग नसावा. बाहेरच्या बलाढ्य शत्रूसमोर उभे राहायचे तर राज्याला प्रत्येक हात हवा असतो. शिवकाळात किल्ल्यांच्या घेऱ्यात महार, रामोशी, बेरड यांची नेमणूक होतीच. इंग्रजांच्या दबावाखाली, पण त्यांच्या ताब्यात न जाता, पन्नास-साठ वर्षे तग धरावी लागलेल्या मराठी राज्याला कदाचित तेच करावे लागले असते. ‘कदाचित’ हा शब्द येथे जड आहे, कारण नेमकी उलट वाटही शक्य होती: कवायती कंपूंसाठी महादजींनी शिपाई बहुतांशी उत्तरेतून उचलले, आणि घरच्या समाजव्यवस्थेला हात न लावता भाडोत्री फौज उभी करता येते, हे दाखवून दिले.

याच्या उत्तरादाखल मराठी संस्थानांकडे बोट दाखवले जाईल, म्हणून तेही आताच लिहितो. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, तर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेले तशाच आशयाचे विधेयक सरकारी बहुमताच्या विधिमंडळात पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. स्वकीय राज्य परकीय सरकारपेक्षा पुढे जाऊ शकते, याचे हे पुरावे आहेत खरे. पण हे दोन्ही राजे दत्तक आलेले होते, त्यांचे शिक्षण इंग्रज शिक्षकांच्या देखरेखीखाली झाले होते, आणि त्यामुळे हा पुरावा निर्भेळ नाही. शिवाय त्याच बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत शिकून आलेल्या आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. राजा पुढे होता, शहर नव्हते.

उत्तर : हुगळीकाठ

मी गेली बावीस वर्षे कोलकात्यात राहतो, म्हणून एक छोटी भर घालतो. बंगालच्या महसुलावर सगळा खेळ फिरला हे खतावणी यांचे म्हणणे मान्य केल्यास पुढचा प्रश्न येतो, की तो महसूल मराठ्यांच्या हाती का गेला नाही. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करीत होत्या. १७५१ मध्ये अलिवर्दीखानाने ओरिसा आणि वर्षाला बारा लाखांची चौथ देऊन त्या थांबवल्या. चौथ घेतली की काम झाले, अशी आपली समजूत होती. प्रांत राखायचा, त्याचा कारभार करायचा आणि तिथल्या व्यापाऱ्याला भरवसा द्यायचा, हे आपल्या मनात आलेच नाही.

इथली आई आजही मुलाला झोपवताना म्हणते, की बाळ झोपले, वाडा शांत झाला, आणि देशात बर्गी आले. बुलबुलांनी धान खाल्ले, आता सारा कसा द्यायचा. ‘बर्गी’ म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावरचा स्वार. ज्यांच्या भीतीने इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणला ते आपण. त्यामुळे १७५७ मध्ये जगत शेठांसारखे सावकार सिराजउद्दौल्याविरुद्धच्या कटात उतरले तेव्हा त्यांच्यासमोर ‘स्वकीय की परकीय’ असा प्रश्न होता, असे म्हणणे मला धाडसाचे वाटते. मुर्शिदाबादेच्या माणसाला नागपूर काय आणि लंडन काय, दोन्ही परमुलूखच. कंपनी रुजली नसती तर बंगाल कुणाचा झाला असता, याचे उत्तर बंगाली माणूस आपल्या सोयीचे देणार नाही.

उत्तर : मोडीवाचक

राज्य आणि पैसा यांवर बरेच लिहिले गेले आहे, तेव्हा मी माझ्या आवडीच्या विषयाकडे वळतो; तो मूळ प्रश्नाला धरूनच आहे. १८५० सालचे पुणे कोणत्या लिपीत छापले असते?

मुद्रणकला येण्यासाठी कंपनीचे राज्य आवश्यक होते, असे मला वाटत नाही. गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता आणि फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये मराठीत, पण रोमन लिपीत छापले गेले. पुण्यातील इंग्रज वकील मॅलेट याच्याकडे आलेल्या चित्रकारांच्या सहवासात इथल्या तांबट कारागिरांनी ताम्रपटावर कोरून छापण्याची विद्या उचलली, आणि १८०५ मध्ये मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली. तंजावरला सरफोजी राजांनी जवळपास त्याच सुमारास देवनागरी छापखाना चालवला. म्हणजे यंत्र दाराशी आलेले होते आणि ते घरात घेण्याची इच्छा असणारे संस्थानिकही होते. फक्त ते घरात कोणत्या वेषात आले असते, एवढाच प्रश्न उरतो.

दरबारी कागद, हिशेब, पत्रे, सगळे मोडीत असे. श्रीरामपूरला विल्यम कॅरीने मोडीचे खिळेही पाडले होते आणि १८१० चा त्याचा मराठी कोश मोडीत छापला गेला. परंतु पुढे मुंबई सरकारच्या शाळाखात्याने आणि मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाने बाळबोधाला, म्हणजे देवनागरीला, छापील मराठीची लिपी म्हणून स्थिर केले, मोडी हातलिखाणापुरती उरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतूनही गेली. स्वतंत्र पुण्याच्या दरबाराने स्वतःची हुकूमपत्रे छापायला घेतली असती तर ज्या लिपीत त्याचे हजारो कारकून रोज लिहीत होते तीच लिपी त्याने निवडली असती, असे मानायला जागा आहे. पेशवे दफ्तरातील रुमाल (कागदांची गाठोडी) वाचण्यासाठी मग आज माझ्यासारख्यांना वर्ग लावावे लागले नसते. हा माझा स्वार्थ आहे, हे कबूल करतो.

त्याहून गमतीची शक्यता प्रमाणभाषेची आहे. मोल्सवर्थच्या हाताखालच्या शास्त्र्यांनी पुण्याकडची भाषा प्रमाण धरली, कारण सत्ता एक होती आणि तिचे शाळाखाते एक होते. सत्ता पाच ठिकाणी राहिली असती तर नागपूर दरबाराची छापील मराठी वऱ्हाडी-नागपुरी वळणाची झाली असती, आणि ‘राजेश्री कारभारी दरबारात येऊन राहिले आहेत’ हे वाक्य ग्राम्य न ठरता शिष्ट ठरले असते. इंदूर-ग्वाल्हेरची मराठी हिंदीकडे झुकली असती, तंजावरची तमिळकडे. जर्मन भाषेसारखी एकच लेखी भाषा आणि अनेक दरबार, असेही घडले असते. पण त्यासाठी एखादा मोठा ग्रंथ सर्वत्र वाचला जावा लागतो. आपल्याकडे तो आहे. ज्ञानेश्वरी की तुकारामाची गाथा, यावर मात्र दुसरा धागा लागेल.

जाता जाता, या धाग्यात विरामचिन्हांची जी चंगळ चालली आहे ती मेजर कँडीची देणगी आहे. मोडीत शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत.

उत्तर : किनारा

खतावणी यांनी तारीख १७७९ वरून मागे न्या, असे सुचवले आहे. मी ती १७५६ पर्यंत नेईन, आणि घाटावरून खाली उतरवून विजयदुर्गाच्या खाडीत आणीन.

कान्होजी आंग्र्यांच्या काळी कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबताला आंग्र्यांचे दस्तक घ्यावे लागे. न घेतल्यास ते पकडले जाई. इंग्रज याला चाचेगिरी म्हणत, परंतु पोर्तुगीज दोनशे वर्षे हेच करीत आले होते आणि इंग्रज स्वतःही मुंबईहून परवाने देत होते. समुद्रावर कर बसवणारा तो समुद्राचा धनी, हे तत्त्व तिघांनाही कळत होते. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. कान्होजींनंतर भाऊबंदकी झाली, तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनासे झाले, आणि नानासाहेब पेशव्यांनी त्यांना वठणीवर आणण्यासाठी इंग्रजांचे आरमार बोलावले. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि खाडीत उभे असलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

आता पुढचे पाहा. तेच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मद्रासहून हुगळीकडे निघाले, जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतले आणि जूनमध्ये प्लासी झाली. ज्या महसुलाने पुढे गॉडर्डची फौज सुरतेला आणली, तो ज्यांनी मिळवून दिला त्यांची आधीची कामगिरी आपल्या किनाऱ्यावर, आपल्याच आमंत्रणावरून झालेली होती.

तुळाजींचे आरमार वाचले असते तर वॉटसनच्या मोठ्या लढाऊ जहाजांना त्याने अडवले असते, असा माझा दावा नाही. गुराब आणि गलबत ही किनाऱ्यालगतची जात, खोल समुद्रातल्या तीन मजली जहाजापुढे ती टिकत नाही. पण १७८३ मध्येही आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले होते, म्हणजे विजयदुर्गचा सुभा पडल्यानंतरही कोकणी खलाशाचे कसब मेलेले नव्हते. मोठी जहाजे बांधणे हीही अशक्य गोष्ट नव्हती. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी सागवानाची जहाजे बांधत होती आणि १८१७ मध्ये त्यांनी बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे. लाकूड इथले, सुतार इथले. पैसे देणारा धनी तेवढा दुसरा होता, कारण पुण्याच्या नजरेतले राज्य घोडा जिथवर जाईल तिथवर होते.

प्रतिसाद : घाटवाट

सर्वांचे आभार. मी वडगावचा विचार सोडला आहे. सालबाईनंतरची वीस वर्षे हाच माझ्या प्रश्नाचा प्रत्यक्ष प्रयोग होता, हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

भीमाकाठ यांना एवढेच सांगतो, की प्रश्न लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर शनिवारवाडा होता, भिडे वाडा नव्हता. तो असायला हवा होता. आपण जपानच्या दोन सालांविषयी लिहिले ते वाचल्यावर मला असे वाटते, की इंग्रज वखारीपुरते राहिले असते तर ती सक्ती आपल्यावर आलीच नसती. म्हणजे माझ्या मूळ कल्पनेतील निर्धास्त पुणे हेच सर्वांत कमी बदललेले पुणे ठरले असते. हुगळीकाठ यांनी सांगितलेल्या अंगाईनंतर ‘वसाहत’ आणि ‘मुलूखगिरी’ यांतला फरक बंगालमधल्या शेतकऱ्याला कसा समजावून सांगायचा, हेही मला सुचलेले नाही.

किनारा यांना मात्र एक प्रश्न. खतावणी म्हणतात त्याप्रमाणे व्यक्तीवर न विसंबणारे कर्ज उभे करायचे तर सावकाराला दरवर्षी नेमाने येणारे उत्पन्न तारण म्हणून दाखवावे लागते. जमिनीचा सारा पावसावर आणि मामलेदारावर अवलंबून, चौथ तलवारीवर अवलंबून. दस्तकाचे उत्पन्न तेवढे व्यापाराबरोबर वाढणारे आणि रोख येणारे. ते आंग्र्यांच्या खासगीत न जाता सरकारात जमा झाले असते, तर त्याच्या तारणावर सुरतेच्या पेढीने पुण्याला कंपनीच्या दराने कर्ज दिले असते का? ऑक्टोबर १७५६ च्या करारात नानासाहेबांनी विजयदुर्ग परत मिळवण्यासाठी बाणकोट इंग्रजांना दिले, तेव्हा बाणकोटच्या खाडीची जकात किती धरली होती, हे दफ्तरात कुणी पाहिले असल्यास तेथून पुढचा हिशेब मांडता येईल.